रामराव विश्वाच्या चौकशीला जातात

रामराव माणूस वाईट नाही, हे मी आधीच लिहून टाकतो. पुढं जे लिहिणार आहे त्यावरून तुमचा तसा समज व्हायचा, आणि तो पुसत बसायला मला सवड नाही. ते माझे शेजारी. बोरी अरबात आमची घरं पाठीला पाठ लावून उभी आहेत. त्यामुळं त्यांच्या घरात काय शिजतं ते मला वासावरून कळतं, आणि माझ्या घरात काय शिजणार ते त्यांना आदल्या दिवशीच ठाऊक असतं.

शेती चारचौघांसारखी. कापूस, सोयाबीन, बांधाला तूर. पण दारव्हा तालुक्यात त्यांचं नाव आहे ते चौकशीसाठी. आमच्याकडं सोयरीक आली की मुलाकडचे जे सांगतात त्यावर कुणी विसंबत नाही. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरवण्याआधी कुणीतरी गुपचूप त्या गावी जाऊन खरंखोटं पाहून यायचं असतं. दुसरे लोक जातात, चहा पितात, 'घर चांगलं आहे' म्हणून परत येतात. रामराव तसे जात नाहीत. ते गोऱ्हा विकत घ्यायचाय म्हणून जातात. पाणी मागतात आणि ते कोण आणून देतं ते पाहतात. पुढच्या खोलीत बसत नाहीत, पाय मोकळे करायच्या निमित्तानं मागं गुरांच्या कोठ्यात शिरतात आणि बैलाच्या अंगावर हात टाकतात. बैल दचकला तर तो त्या घरचा नाही, दाखवण्यापुरता मागून आणलेला. मग न्हाव्याच्या कटिंगच्या दुकानात एकाला विचारायचं, पिठाच्या गिरणीवर दुसऱ्याला. प्रश्न एकच. उत्तर मिळालं की ते दुपट्ट्याच्या टोकाला एक गाठ मारतात, दुसरं मिळालं की दुसरी. दोन गाठी जुळल्या तर सोयरीक जुळली. नाही जुळल्या तर रामराव गावात येऊन एवढंच म्हणतात, "जुळत नाही." त्यावर अपील नाही.

एवढ्या पोरींची घरं या माणसानं पाहून दिली. आणि स्वतःची अर्पिता? ती दारव्ह्याला कॉलेजात गणित शिकवते, रोज एसटीनं जाते-येते. तिची आई ती लहान असतानाच गेली. तिला वाढवलं रामरावांच्या थोरल्या बहिणीनं, मैनाबाईनं. अर्पिताला तीन स्थळं आली आणि तिन्ही रामरावांनी मोडली. पहिल्या घरी कुत्रं भुंकलं नाही. म्हणजे तिथं रोज परके लोक येतात, म्हणजे पत्त्याचा अड्डा. दुसऱ्या घरचा कोठा फार स्वच्छ होता. तिसऱ्या मुलाचा बाप प्रत्येक वाक्यानंतर हसत होता.

"वाईट काय त्यात?" मी विचारलं होतं.

"इतकं हसासारखं काय हाये जगात, पिंटू?" रामराव म्हणाले.

(वय पन्नाशीला टेकलं, तरी गावात मी पिंटूच आहे. असो.)

चौथं स्थळ मारेगावकडचं. मुलगा कपिल. घरी शेती, आईबाप साधे. रामराव गोऱ्ह्याच्या निमित्तानं जाऊन आले. कुत्रं भुंकलं, बैल दचकला नाही, कोठ्यात बेताचं शेण होतं, गाठी जुळल्या. त्यामुळं रामराव परत आले ते फार बेचैन होऊन.

"काहीच सापडलं नाही बे," ते माझ्या ओट्यावर बसत म्हणाले. "कुठं तरी असनच."

असायला जागा एकच उरली होती, मुलाचं काम. कपिल एका विद्यापीठात संशोधन करत होता. कशाचं, तर विश्व सुरू कसं झालं आणि पुढं जाऊन त्याचं काय होणार, याचं.

"याचा पगार कोन देते?" रामराव.

"सरकार देत असन."

"सरकारले कायले पायजे ते?"

याचं उत्तर कुणीतरी शोधायला हवं. तुमच्याकडं असेल तर रामरावांना कळवा.

इकडं अर्पितानं कपिलला एकदाच, तेही मैनाबाईसोबत दारव्ह्यात, पाहिलं होतं, पण फोनवर दोघं बोलायची. मागल्या अंगणात ती बोलत असली की माझी बायको बबिता हमखास वाळत घातलेली धुणी उलटायला निघते. बबिताचं म्हणणं, पोरगी अशी हसताना तिनं कधी ऐकली नव्हती. अर्पितानं बाबांना सरळ सांगून टाकलं होतं, "मले हा पसंत हाये. तुमचा शब्द पडला की झालं." म्हणजे पोरीचं सगळं आता बापाच्या दुपट्ट्याच्या टोकाशी बांधलेलं. आणि बाप म्हणत होता, "विद्यापीठ पाहून येतो."

त्यांनी मला सोबत घेतलं. एकट्या माणसावर लोक संशय घेतात, हे त्यांचं मत.

दोन एसट्या बदलून आम्ही पोचलो. फाटकावर वॉचमन. रामरावांनी पाणी मागितलं. त्यानं बसल्या जागेवरून बोट केलं, कूलर तिकडं आहे. रामराव जागीच थबकले. जिथं पाणी माणूस देत नाही, तिथं चौकशी सुरू तरी कुठून करायची?

"काम काय आहे?" वॉचमननं विचारलं.

"पुतण्याले इथं शिकवाचं हाये," रामराव म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडं हात केला. वॉचमननं माझे पांढरे कल्ले पाहिले. रामराव लगेच म्हणाले, "म्हंजे ह्याच्या पोराले."

आत गेल्यावर कोठा काही सापडेना, म्हणून त्यांनी सायकली ठेवायची शेड पाहून घेतली. कपिलची सायकल कोणती ते पोराटोरांत विचारून काढलं. तिच्या सीटवर पाखरांनी घाण केलेली, चाकाला कोळ्याचं जाळं. "भटकत नाही," रामराव पुटपुटले. कँटीनवाला म्हणाला की कपिल चहा घेतो आणि विचार करता करता थंड करून टाकतो. "घरात बोलनार नाही," रामराव पुटपुटले. एक खूण बरी, एक वाईट. पण पारडं कुठंच झुकेना, आणि दुपट्ट्याला अजून एकही गाठ नाही.

मग व्हरांड्यात उत्तमसिंग भेटला. पुसदकडच्या तांड्यावरचा पोरगा, कपिलच्याच विभागात काम करणारा. आमची बोली कानावर पडली तसा तो खुलला, खुर्च्या दिल्या आणि स्वतः पाणी आणून दिलं. रामरावांचे डोळे चमकले.

"तुमी इथं नेमकं करता काय?"

"काका, विश्व पसरून राह्यलं. ते किती वेगानं पसरते हे मोजतो."

"कोन पाह्यलं पसरताना?"

"पाह्यलं नाही. दूरचे तारे फुटतात, त्याईचा उजेड इथवर येते. त्याच्यावरून काढतो."

"मंग किती भरलं?"

"त्र्याहत्तरच्या आसपास." कशात ते त्यानं सांगितलं, पण तिथवर आमचं लक्ष टिकलं नाही. रामरावांचा हात दुपट्ट्याकडं गेला होता. पहिली गाठ.

कपिल दुसऱ्या टोकाच्या खोलीत बसत होता. पडद्यावर ठिपक्याठिपक्यांचं काहीतरी, करपा पडल्यावर कापसाच्या पऱ्हाटीच्या पानावर दिसतं तसं. त्यानं उठून नमस्कार केला. रामरावांनी पुन्हा पुतण्याचा पोरगा काढला, इकडचं तिकडचं विचारलं आणि मग हळूच, "विश्व किती वेगानं पसरते म्हनता?"

"सदुसष्ट," कपिल म्हणाला.

दुसरी गाठ मारताना रामरावांनी माझ्याकडं जे पाहिलं ते मला ओळखीचं आहे. एका घरी दावणीचा बैल दुसऱ्याच गावचा निघाला होता, तेव्हा असंच पाहिलं होतं.

"तिकडं तो उत्तमसिंग त्र्याहत्तर सांगून राह्यला," ते म्हणाले.

मला वाटलं, पोरगा गडबडणार. तो हसला. "हो ना काका. तो ताऱ्यांवरून मोजतो. मी मोजतो ते सगळ्यांत जुन्या उजेडावरून. विश्व अगदी लहान होतं, तापून लाल होतं, तेव्हाचा उजेड अजून येऊन राह्यला. दोन्हींचा हिशेब बसायला पायजे. बसत नाही."

"कोनाचं खोटं?"

"कदाचित कोनाचंच नाही. कदाचित विश्वात असं काही असन जे आम्हाले ठाऊक नाही. जगभर याच्यावर वाद चालू हाये."

"आन् तुमचंच चुकलं असन तं?"

"असू शकते. मागल्या साली चुकलंच होतं. छापाले पाठवलेला लेख मीच परत मागवला, सगळ्यांना सांगतलं की माह्या हिशेबात चूक हाये."

रामराव खुर्चीतल्या खुर्चीत मागं सरकले. उभ्या आयुष्यात त्यांच्या समोर एकाही मुलानं न विचारता आपली खोट सांगितली नव्हती.

"बरं, पुढं काय होनार त्याचं? विश्वाचं?"

"पसरत राहीन, असं आज वाटते. सगळं एकमेकांपासून दूर जाईन. इतकं दूर की मंग इथून दुसरं काही दिसणारच नाही."

"आन् तुमचं सोताचं? नोकरी?"

"जिथं जागा निघन तिथं. देशात, नाही तं बाहेर. आज सांगता येत नाही."

रामराव उठले. थंडगार आवाजात "येतो" म्हणाले आणि परतीच्या दोन्ही एसट्यांत त्या दोन गाठींकडंच पाहत बसले. मधे यवतमाळच्या स्टँडवर मी आलूबोंडा घेऊन दिला तर त्याच्याकडंही संशयानं पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात निकाल लागला. मैनाबाई तुरी पाखडत होती. अर्पिता कॉलेजला निघायच्या तयारीनं, खांद्याला पर्स, दारात उभी. मी आपला वाटी परत द्यायला गेलो होतो. ती वाटी मी मुद्दामच ठेवून घेतली होती.

"जुळत नाही," रामराव म्हणाले.

अर्पितानं पर्स खाली ठेवली. "काय जुळत नाही?"

"एक म्हनते त्र्याहत्तर, दुसरा म्हनते सदुसष्ट. एकाच घरातले दोघं. आन् त्याच्यावर हा आपली चूक आपल्या तोंडानं सांगते. न विचारता! मानूस लहान खोट दाखवते ते मोठी झाकाले. काय झाकून राह्यला ते मले भेटलं नाही, पन झाकून राह्यला."

"बाबा, तुम्ही येणार हे त्याले ठाऊक होतं."

"कसं?"

"मीच सांगतलं होतं. पुतण्याचं निमित्त काढान, हेही सांगतलं होतं."

रामरावांनी आधी माझ्याकडं पाहिलं. मी वाटीकडं पाहिलं; निघायच्या आधी सगळा बेत मी बबिताला सांगून टाकला होता.

"मंग आता इचार करा," अर्पिता म्हणाली. वर्गात फळ्यावर गणित टाकून पोरांकडं पाहावं तशी. "त्याले आधी माहीत होतं. उत्तमसिंगले एक शब्द सांगितला असता तं दोघंही सदुसष्ट म्हणाले असते. तुमची गाठ जुळली असती. त्यानं काहून नसन सांगतलं?"

सुपातल्या तुरींचा आवाज थांबला.

"माह्या वक्ती जुळलं होतं, रामा," मैनाबाई म्हणाली. ती तिच्या लग्नाचं कधी काढत नाही. वर्षाच्या आत ती माहेरी परतली, एवढंच गावाला ठाऊक. "बाबा गेलते चौकशीले. शेजारी बोलला तेच न्हावी बोलला, न्हावी बोलला तेच पाटील. बाबा खुशीनं नाचत आले. मंग तिथी गेल्यावर कळलं, साऱ्याईले आधी बसवून शिकवलं होतं. म्हनून शब्दाले शब्द जुळला." तिनं सूप पुन्हा उचललं. "तुले जुळवाचाच नाद हाये."

"ते अलग होतं," रामराव म्हणाले. पण त्यांचा आवाज उतरला होता.

अर्पितानं मग जो घाव घातला तो मला तरी सुचला नसता. "बाबा, तुम्ही त्याच्या घरची चौकशी केली, कामाची केली. आपल्या घरची कोन करते? त्यालाही हक्क हाये. मी त्याले बोलावते. तो गावात विचारन. झाकासारखं आपल्याकडं काही नाही ना?"

"आपल्याकडं?" रामराव ताठ झाले. "येऊ दे. कोनालेही विचारू दे!"

त्याच दुपारी ते माझ्या ओट्यावर आले. उगाच हवापाण्याचं बोलले. बबिता आत गेल्यावर खुर्ची जवळ ओढली.

"पिंटू, तो तुलेच विचारन. तूच शेजारी. तर सांगजो, रामराव मानूस सरळ हाये, पोरीच्या शब्दाबाहेर नाही, आन् आधीची स्थळं काही जमली नाही ती पत्रिकेपायी."

"पत्रिकेपायी? कुत्र्यापायी ना?"

"कुत्र्याचं नाव घेऊ नको. मैनालेही मी हेच सांगतलं. दोघाईचं जुळलं पायजे."

असा हा माणूस. साऱ्या तालुक्याची शिकवलेली उत्तरं ओळखणारा, आणि स्वतः माझ्या ओट्यावर बसून मला पाठांतर देत होता. मला हसू आवरेना, पण मी मान डोलावली. मौज पाहायची होती.

रविवारी कपिल आला. अर्पितानं त्याला चांगलं तयार केलेलं दिसलं, कारण त्यानं आधी माझ्याकडं पाणी मागितलं. बबितानं तांब्या दिला. मग तो ओट्याच्या कडेला टेकला आणि म्हणाला, "काका, रामरावकाका माणूस कसा हाये?"

मी गंभीर चेहरा करून सगळं म्हणून दाखवलं. सरळ माणूस. पोरीच्या शब्दाबाहेर नाही. आधीची स्थळं पत्रिकेपायी.

कपिलनं तांब्या खाली ठेवला. "आत्याबाई मघा वाटेत भेटल्या, त्या नेमकं हेच बोलल्या," तो म्हणाला. "सरळ, शब्दाबाहेर नाही, पत्रिकेपायी. याच क्रमानं. आणि बोलताना डोळे मिटून बोलल्या, शाळेत कविता म्हणून दाखवतात तसं."

म्हातारीनं मुद्दाम केलं होतं! तिला मी त्याच क्षणी मनातल्या मनात दंडवत घातला.

"काका, आमच्याकडं दोघांचं मोजमाप थोडं इकडंतिकडं आलं तं आम्ही काळजी करतो," कपिल म्हणाला. "पण अगदी तंतोतंत आलं तं जास्त करतो. कोनी शिकवलं?"

मी काय, तोंड घट्ट ठेवायला जन्मलो नाही. कुत्रं सांगितलं. स्वच्छ कोठा सांगितला. हसणारा बाप सांगितला. वर हेही सांगितलं, "अन् बुवा, तुमच्यात काही सापडलं नाही, म्हणून मानूस हैराण होऊन राह्यला."

तो हसला नाही. उठला आणि सरळ रामरावांच्या अंगणात गेला. मी मागोमाग. शेजारधर्म असतो.

रामराव खाटेवर बसले होते, धुतलेला सदरा, डोक्याला तेल. अर्पिता दाराच्या आत.

"झाली चौकशी?" रामराव.

"झाली. सारं जुळलं, काका. म्हणून मी अजून हो म्हणत नाही."

"म्हंजे?"

"माह्यात काय कमी हाये ते मी तुम्हाले सांगतलं होतं. तुम्ही तुमच्या घरचं एक सांगा. एकच."

माझ्या डोक्यातून तेव्हा बरंच काही गेलं. रामराव याला हाकलतील, हे पहिलं. चार गावांत ज्याच्या शब्दाला मान, त्याला काल-परवाचा पोरगा अंगणात उभा करून विचारतो! अर्पिताच्या बोटांनी दाराची चौकट धरली होती. मैनाबाई सूप घेऊन बसली होती आणि सुपात काहीही नव्हतं.

रामराव दुपट्ट्याचं टोक चाळवत राहिले.

"ते तिघं," ते शेवटी म्हणाले. "आधीचे. त्याईच्यात काही खोट नव्हती."

ते खाली पाहूनच पुढं म्हणाले, "पोरं चांगली होती. घरंही. म्या पाहाले जावो ते खोट भेटलीच पायजे म्हनून. नाही भेटली तं... पोरगी जाईन ना मंग."

मला वाटलं, आता पोरगी भडकणार. तिची तीन वर्षं या माणसानं कुत्र्याबित्र्याच्या नावानं घालवली होती. अर्पिता बाहेर आली. चेहरा लाल.

"तिसऱ्यात होती," ती म्हणाली. "तो खरंच लई हसे. मलेही नव्हता आवडला."

मैनाबाईला ठसका लागला. कपिलनं तोंड फिरवलं. माझ्या अंगणातून बबिताचं हसू ऐकू आलं. ती कधीपासून ऐकत होती देव जाणे.

रामराव हसले नाहीत. त्यांनी कपिलला जवळ बसवलं. "नोकरी कुठी लागन तुले?"

"ठाऊक नाही, काका."

"अंदाजानं?"

"अंदाजानं सांगितलं तं खोटं सांगितल्यासारखं होईन. दूर लागू शकते. लई दूर."

मी मनात म्हटलं, अरे बाप्पा, आज तरी पुणे म्हण, नागपूर म्हण! पण पोरगा तसा नव्हता. रामरावांनी त्याच्या तोंडाकडं टक लावून पाहिलं. परक्या गावचा बैल पाहावा तसं, अगदी नेहमीच्या नजरेनं. मग मैनाबाईकडं वळून म्हणाले, "साक्षगंधाची तारीख काढ."

आणि कुणी काही बोलायच्या आत उठून कोठ्यात गेले. गव्हाणीत कडबा होता तरी आणखी टाकल्याचा आवाज आला, मग तोही थांबला. अर्पिता तिकडं निघाली होती. मैनाबाईनं तिचा हात धरून तिला खाटेवर बसवलं. आम्ही सगळे तसेच अंगणात बसून राहिलो, चहा आला, चहा झाला, आणि कुणी त्यांना बोलवायला गेलं नाही.